फणसाखालचा सोनटक्का : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

सोनटक्का लावून दोन पावसाळे झाले. एका हंगामावर कुठल्याच झाडाबद्दल मत देऊ नये, म्हणून इतके दिवस काही लिहिलं नव्हतं. आता खात्रीनं सांगते: कोल्हापूरच्या हवेत, सावलीच्या ओलसर जागेत, माणसाच्या उंचीचं आणि वर्षानुवर्षं टिकणारं सुवासिक फूलझाड हवं असेल, तर सोनटक्क्याच्या तोडीचं दुसरं मला तरी सापडलेलं नाही. फक्त दोन अटी आहेत. मुळाशी बारा महिने ओल हवी आणि डोक्यावर थोडा तरी उजेड हवा. पहिली अट सगळेच सांगतात. दुसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि फुलं येणार की नाही हे तिच्यावरच ठरतं.

आधी जागा कशी आहे ते सांगते, म्हणजे तुमच्या जागेशी ताडून बघता येईल. मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं आहे, मागे अरुंद परडं. उत्तरेची बाजू, एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची, आणि एका टोकाला सासऱ्यांच्या हातचा फणस. त्याच्याखाली गुलाब, शेवंती काही टिकलं नाही. जास्वंद जगली, पण फुलायचं नाव नाही. माती काळी, चिकण. पावसाळ्यात चपलेला गोळा होऊन चिकटते आणि एप्रिलात भेगा पडतात. न्हाणीचं पाणी याच बाजूला बाहेर पडतं, त्यामुळे हा पट्टा कायम ओला आणि बाकी झाडांसाठी निकामी.

कंद आणले गगनबावड्याच्या आत्यांकडून. आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका तो. आत्यांच्या मागच्या दारी, पागोळ्यांचं पाणी पडतं तिथंच सोनटक्क्याचं रान माजलंय. कंद देताना म्हणाल्या, "पाणी बघून लाव गं, बाकीचं तो बघतो." त्यांच्या दारात ते शंभर टक्के खरं आहे. पेठेतल्या दोन भिंतींच्या मधल्या बोळात बाकीचं आपल्यालाच बघावं लागतं.

सोनटक्का आलं, हळद आणि वेलदोड्याच्या कुळातला. मूळचा पूर्व हिमालयाच्या पायथ्याचा, ईशान्य भारतापासून पुढे दक्षिण चीनपर्यंतचा. तिथं तो दाट जंगलाच्या पोटात वाढत नाही, तर जंगलाच्या कडेला, ओढ्याच्या काठी, जिथं वरून आभाळ दिसतं अशा ठिकाणी वाढतो. हे ध्यानात घेतलं की त्याच्या सगळ्या मागण्यांचा अर्थ लागतो. सावली चालते म्हणजे दुपारचं ऊन नको. अंधार चालतो असा त्याचा अर्थ नाही.

हे तपासायचं म्हणून मी मुद्दामच कंद दोन ठिकाणी लावले होते. एक ताटवा फणसाच्या अगदी बुंध्याजवळ, दुसरा परड्याच्या पूर्वेच्या तोंडाशी. तिथं सकाळचं कोवळं ऊन दीड-दोन तास येतं आणि नंतर दिवसभर नुसता उजेड. माती तीच, खत तेच, पाणी तेच. पहिल्या पावसाळ्यात पूर्वेच्या टोकाला सप्टेंबरात कळ्या धरल्या. फणसाखालच्या ताटव्याला मात्र नुसती पानं. पानंही देखणी होती, हिरवीगार, हातभर लांब, दांडे माझ्या डोक्याच्या वर गेलेले. पण उजेडाच्या शोधात ते लांबट आणि बारीक झाले होते, पावसाची सर आली की आडवे व्हायचे. त्या ताटव्याला जास्तीचं शेणखत घालून बघितलं. पानं आणखी वाढली, फूल एक नाही. मग मे महिन्यात फणसाच्या खालच्या फांद्या उतरवून घेतल्या, एवढंच केलं. यंदा भाद्रपदात त्याच ताटव्याला फुलांची कणसं आली. पूर्वेच्या टोकापेक्षा कमी, पण आली. उजेडाची उणीव खतानं भरून निघत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यामुळे मी ठामपणे सांगू शकते. तुमच्याकडे भर सावली असेल आणि फांदी छाटणं शक्य नसेल, तर सोनटक्का पानांसाठी लावा, फुलांची वाट बघू नका.

आता लावणीबद्दल. मृग लागायच्या जरा आधी, वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की लावावा. कंद खोल पुरू नये. डोळा वरच्या बाजूला ठेवून वर दोन बोटं माती पुरे. काळ्या चिकण मातीत खोल गेलेला कंद फुटायच्या आतच कुजतो. हळद करणाऱ्यांना कंदकूज सांगायला नको, ती इथंही तशीच होते. एकदा मुळं धरली की हा हळदीपेक्षा कितीतरी जास्त पाणी सोसतो, पण सुरुवातीचे काही आठवडे साचलेलं पाणी नको. मी हातभर रुंदीचा चर काढून तळाला विटांचे तुकडे टाकले, वर माती, कुजलेलं शेणखत आणि परड्यातलाच पालापाचोळा सारख्या प्रमाणात मिसळून भरला. दोन कंदांत दीड फूट अंतर सोडलं. सुरुवातीला ते फार मोकळं वाटतं, दुसऱ्या वर्षी कमी पडतं.

आच्छादनासाठी उसाचं पाचट वापरलं आणि त्याबद्दल मी फार समाधानी आहे. आपल्याकडे ते हवं तेवढं मिळतं. शेतात पेटवून दिलं जातं, त्यापेक्षा बागेत आलेलं बरं. एक पथ्य: पाचट मातीत मिसळायचं नाही, वर अंथरायचं. कोरडं पाचट मातीत गाडलं तर ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. वर अंथरलं की खालून हळूहळू कुजतं आणि तोवर ओल धरून ठेवतं. ऐन मेमध्ये चार बोटं पाचटाखाली हात घातला की माती गार लागते.

पाणी म्हणजे आमच्याकडे आंघोळीचं पाणी. न्हाणीच्या पाइपाला जोड देऊन ते चरात सोडलंय. ते पाचटाखालीच मुरतं, वर डबकं होत नाही, त्यामुळे डासांची तक्रार नाही. कपडे धुतल्याचं आणि फरशी पुसल्याचं पाणी मात्र वेगळं काढतो. त्यातली पावडर, सोडा आणि फिनेल मातीला सोसत नाही. बोअरचं पाणी दिलं तेव्हा पानांची टोकं तपकिरी पडली. क्षार जास्त असले की असं होतं. उन्हाळ्यात पारा अडतीस-चाळीसला टेकतो तेव्हा पश्चिमेकडच्या पानांच्या कडा करपतात. झाडाला त्यानं काही होत नाही, पण दिसायला वाईट दिसतं. एप्रिल आणि मे हे त्याचे रूप हरवलेले महिने, हे धरूनच चालावं. थंडीचा इथं काही त्रास नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात वरचा सगळा भाग मरतो आणि कंद तेवढे राहतात. कोल्हापुरात पानं नुसती फाटकी होतात, पण उभी राहतात.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते. दांड्याच्या टोकाला हिरव्या जाड खवल्यांचं कणीस येतं, खवले कौलांसारखे एकावर एक बसवलेले. एकेका खवल्यातून एकामागून एक अशी दोन-चार फुलं निघतात, त्यामुळे एक कणीस बरेच दिवस चालतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथं जाऊन उभं राहा. पांढरी गुंडाळी लांब होऊन बाहेर आलेली असते, टोक किंचित हिरवट. दिवेलागणीपर्यंत ती उलगडते. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नाहीत. ते रूप बदललेले वंध्य पुंकेसर आहेत. सगळ्यात मोठा, दोन पाळ्यांचा ओठ आणि त्याच्या बाजूचे दोन पंख, सगळं त्यातूनच झालेलं. खऱ्या पाकळ्या म्हणजे मागं वळून लोंबणाऱ्या तीन अरुंद पट्ट्या, त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. मधोमध एकच परागाचा केसर उभा असतो आणि स्त्रीकेसराची दोऱ्याएवढी दांडी त्याच्या पोटातूनच वर आलेली असते. बोटानं जरा बाजूला करून बघा, नीट दिसते. खाली जवळजवळ तीन इंचांची नळी आणि मध तिच्या तळाशी. तिथवर पोचायला लांब सोंडेचे निशाचर पतंगच लागतात. म्हणूनच रंग पांढरा आणि वास रात्रीचा. अंधार पडल्यावर मोठे पतंग फुलापुढे हवेत तरंगत मध पिताना मी पाहिलेत, आणि घरातल्या मुलांनाही उठवून दाखवलेत.

वास जाईसारखा गोड, पण त्यात आल्याच्या कुळाचा एक ओला तिखटपणा असतो. रात्री नऊ-दहाच्या पुढे तो चांगलाच भरतो. आम्हा सगळ्यांना तो हवाहवासा वाटतो, पण सासूबाईंचं डोकं जड होतं, म्हणून त्यांच्या खिडकीखालचे दांडे आम्ही काढले. झोपायच्या खोलीला लागून लावणार असाल तर हा विचार आधी करा. फूल एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पिवळट पडतं आणि मान टाकतं. गजरा होत नाही, हाताळलं की डाग पडतात. डोक्यात एकच फूल खोचावं. पूजेसाठी पहाटे तोडलेलं फूल दुपारपर्यंत टवटवीत राहतं. गौरी-गणपतीत परड्यातलीच फुलं पुरली, त्याचा आनंद वेगळाच. आख्खं कणीस दांड्यासकट कापून पाण्यात ठेवलं तर घरातही रोज संध्याकाळी नवी फुलं उमलतात. क्यूबानं या फुलाला आपलं राष्ट्रीय फूल मानलंय, आणि फुललेल्या ताटव्यासमोर उभं राहिलं की त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

त्रास दोन. पहिला गोगलगायींचा. पावसाळ्यात त्या कोवळे कोंब रात्रीत फस्त करतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी ताटव्याजवळ पसरायचं. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. जून-जुलैत हे नेमानं करावं लागतं, कंटाळून चालत नाही. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या मी आणल्याच नाहीत. गल्लीतली मांजरं-कुत्री परड्यात येतात आणि त्या गोळ्या त्यांच्या जिवावर बेततात. दुसरा त्रास खोडकिडीचा, हळदीला लागते तीच. मधला पोंगा सुकतो, दांड्याला बारीक भोक दिसतं आणि त्यातून भुसा बाहेर आलेला असतो. असा दांडा बुडातून कापून नष्ट करणं एवढाच उपाय केला आणि तो पुरला. फवारणी केली नाही.

एक गोष्ट अवश्य पाळा: प्रत्येक दांडा एकदाच फुलतो. कणीस संपलं की तो जमिनीलगत कापून टाकायचा. तसाच ठेवला तर गर्दी होते, हवा खेळत नाही आणि नव्या कोंबांना उजेड मिळत नाही.

विकत घेणार असाल तर फुललेलं झाड बघून घ्या. एका नर्सरीतून माझ्या बहिणीनं सोनटक्का म्हणून आणलेली कुंडी कर्दळीची निघाली. नुसत्या कोंबावरून फरक पटकन कळत नाही. फ्लॅटमधल्यांनी निदान दीड फूट रुंदीचा टब घ्यावा, आणि उन्हाळ्यात त्याला रोज, कधी दोनदा पाणी घालायची तयारी ठेवावी. जमत नसेल तर कुंडीत लावू नये. सावलीसाठी दुसरा पर्याय पेवा आहे. आपल्या सह्याद्रीतला, पांढऱ्या फुलांचा, पानं दांड्याभोवती गोल फिरत गेलेली. तोही सुंदर, पण हिवाळ्यात जमिनीत गडप होतो आणि जागा मोकळी पडते. शिवाय हा वास त्याला नाही. हेलिकोनियाला रंग आहेत, पण आमच्या परड्यापेक्षा जास्त उजेड लागतो.

ताटवा दुसऱ्या वर्षी फार दाटतो. कंद एकमेकांवर चढून मातीच्या वर येतात, मधला भाग पोकळ होतो आणि फुलं कडेकडेलाच येतात. दर दोन-तीन वर्षांनी कुदळीनं उचलून, डोळे बघून तुकडे करून पुन्हा लावावं लागणार. आमचं ते काम येत्या मे अखेरीला आहे. निघालेले जास्तीचे कंद ओढ्याच्या, नाल्याच्या किंवा पंचगंगेच्या काठावर टाकू नका. ब्राझीलमध्ये हाच सोनटक्का बागांतून सुटून ओढ्याकाठी असा पसरलाय की तिथली मूळची झाडं त्यानं दाबून टाकली. कंदाचा तुकडा पाण्याबरोबर वाहत गेला तरी जिथं अडकेल तिथं फुटतो. ओळखीपाळखीत वाटून टाका, आणि कुणी नाहीच घेतले तर उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात घाला.