जीएसटी बरोबर निघाला, म्हणून मी फसले

मी अकाउंट्समध्ये आहे. नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये गेली 19 वर्षं पर्चेसची बिलं तपासते. रुपया-दोन रुपयांचा फरक असला तरी बिल माझ्या टेबलावरून पुढे सरकत नाही, आणि त्यावरून सप्लायर माझ्यामागे काय बोलतात तेही माझ्या कानावर आलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण 'कसली येडी बाई, एवढंही कळलं नाही' असं वाचणाऱ्याला वाटणारच आहे. मलाही दुसऱ्यांच्या बातम्या वाचताना अगदी हेच वाटायचं.

गोष्ट जून 2025 मधली. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षा नंबरप्लेट, लावून घ्यायची होती आणि मुदत होती 30 जून. आमच्याकडे बाबांच्या नावावरची जुनी अ‍ॅक्टिव्हा आहे, एमएच 12. बाबा नारायण पेठेत राहतात, गाडी मी वडगावहून ऑफिसला नेते. मार्चपासून 'करू, करू' चाललं होतं. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, पाऊस लागला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'एक तारखेपासून दंड' असे मेसेज फिरायला लागले. मंगळवारी रात्री भाजी फोडणीला टाकून, एका हाताने ढवळत, दुसऱ्या हाताने मोबाइलवर 'एचएसआरपी पुणे बुकिंग' असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, हे मला नंतर आमच्या डिस्पॅचच्या पोराने दाखवलं.

साइट अगदी व्यवस्थित. राजमुद्रा, परिवहन विभागाचं नाव, मराठी-इंग्रजी दोन्ही. गाडीचा नंबर टाकला. चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे मागितले, आरसी बुक काढून तेही टाकले. लगेच गाडीचं मॉडेल आलं आणि मालकाच्या नावात मधली अक्षरं फुल्यांनी झाकून बाबांचं नाव आलं. इथेच माझा निम्मा संशय गळून पडला. सरकारशिवाय हे कुणाकडे असणार? तर कुणाकडेही असू शकतं. गाडीचा नंबर टाकला की फुल्या मारलेलं मालकाचं नाव आणि मॉडेल सरकारच्या स्वतःच्या अ‍ॅपवरसुद्धा दिसतं. नंबर काय, रस्त्यावर उभ्या गाडीवर लिहिलेलाच असतो.

उरलेला निम्मा संशय रकमेने घालवला. दुचाकीला 450 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 81, एकूण 531. हाच सरकारी दर. पेपरात आलेला मी वाचला होता, आणि फोडणी करपते आहे याकडे दुर्लक्ष करून मी ते 18 टक्के मनात काढूनही पाहिले. जुळलं. 700 मागितले असते, 'अर्जंट फी'चे 50 लावले असते, तर मी तिथल्या तिथे बंद करून गॅसकडे वळले असते. 19 वर्षं मी चुकीचे आकडे पकडते आहे. त्या लोकांनी चुकीचा आकडा टाकलाच नाही.

कार्डाने पैसे भरायला गेले. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. 'पेमेंट अयशस्वी.' पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग 'नेट बँकिंगने भरा' असा पर्याय आला. बँकांची यादी, माझ्या बँकेचा लोगो, त्याच रंगाचं पान. युजर आयडी आणि पासवर्ड टाकला. गोल फिरत राहिलं आणि शेवटी 'आपली विनंती नोंदवली आहे, प्रतिनिधी संपर्क करतील'. पैसे कापले गेले नव्हते. म्हटलं, सरकारी साइट, असंच चालायचं. जेवायला बसलो.

आपल्याकडे एक समजूत आहे की फसवणारा हिंदीत बोलतो. 'मॅडम, मैं बँक से बोल रहा हूँ' ऐकलं की आपण फोन ठेवतो आणि स्वतःवर खूष होतो. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मला जो फोन आला तो स्वच्छ मराठीत होता. तरुण मुलगा. "ताई, काल रात्री तुम्ही बुकिंग केलं ना, पेमेंट होल्डला अडकलंय. मी सेंटर निवडून देतो तुम्हाला, सिंहगड रोडचं बघू का धायरीचं? धायरीला गर्दी कमी असते, पावसात उभं राहायला लागणार नाही." मी म्हटलं, धायरी. त्याने शुक्रवारची वेळ दिली, सकाळी साडेनऊ, "ऑफिसला जाताजाता होऊन जाईल तुमचं". आता लिहितानाही जाणवतं की माझ्याशी इतक्या अदबीने त्या आठवड्यात दुसरं कुणी बोललं नव्हतं.

"स्लिप व्हॉट्सअ‍ॅपला टाकलीये, ती उघडून कन्फर्म करा." फाइलचं नाव अपॉइंटमेंट स्लिप, शेवटी एपीके. पीडीएफ नाही, एपीके. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोनमध्ये बसणारं आख्खं अ‍ॅप. हे मला माहीत नव्हतं असंही नाही, पण डोळे 'स्लिप' या शब्दावरच थांबले. उघडताना फोनने स्वतःच लाल अक्षरांत सांगितलं की हे अ‍ॅप हानिकारक असू शकतं. मी त्याला तसं बोलले. तो म्हणाला, "हो ताई, नवीन अ‍ॅप आहे ना, सगळ्यांनाच येतं ते. खाली बारीक 'तरीही इन्स्टॉल करा' दिसेल." दिसलं. मग 'एसएमएस वाचण्याची परवानगी', दिली. 'बॅकग्राउंडला चालू राहण्याची परवानगी', दिली. ज्या मशीनला धोका कळला होता तिचं मी ऐकलं नाही, आणि ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याचं ऐकलं.

अ‍ॅपमध्ये फक्त फिरणारं चक्र होतं. 'कृपया प्रतीक्षा करा, अ‍ॅप बंद करू नये.' मी फोन टेबलावर उताणा ठेवला आणि त्या चक्राकडे अधूनमधून बघत दोन पर्चेस ऑर्डर जुळवल्या. त्या वेळात काय झालं ते आता सांगता येतं. नेट बँकिंगचा आयडी-पासवर्ड त्यांच्याकडे आदल्या रात्रीपासून होता, अडत होतं फक्त ओटीपीवर. आता माझ्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस ते अ‍ॅप त्यांना पाठवत होतं आणि मला दिसू देत नव्हतं. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. 'ओटीपी कुणाला सांगू नका' ही सूचना मी तंतोतंत पाळली, आणि तरी गेले.

कळलं ते ईमेलमुळे. साडेबाराला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बँकेचा मेल: आपल्या विनंतीनुसार मुदत ठेव मुदतीपूर्वी बंद करण्यात आली आहे. दीड लाखाची ठेव, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली. मी कुठलीही विनंती केली नव्हती. फोन उचलून बघितला तर चक्र गायब, अ‍ॅपचं चिन्हही गायब, आणि सकाळपासून एकही एसएमएस नाही. बँकेचा तर नाहीच, पण रोज दहा येतात ते कर्जाच्या जाहिरातींचे फालतू मेसेजसुद्धा नाहीत. त्या रिकाम्या इनबॉक्सने माझ्या पोटात गोळा आला.

डिस्पॅचच्या पोराने आधी माझा फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि वायफाय बंद केलं. मी बँकेचा कस्टमर केअर नंबर नेटवर शोधायला लागले तर त्याने माझा हातच धरला. "मॅडम, तिथंही खोटे नंबर असतात, कार्डाच्या मागे बघा." कार्डामागच्या नंबरवर त्याच्या फोनवरून बोलून नेट बँकिंग आणि कार्ड दोन्ही बंद करून घेतलं. चार व्यवहार झाले होते: 50,000, 50,000, 49,500 आणि 38,000. शेवटचा 12 वाजून 21 मिनिटांनी. बेरीज 1,87,500, ही मात्र मी कॅल्क्युलेटरवर केली, मनात जमेना.

मग 1930. सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा हेल्पलाइन नंबर, तो पाठच करून ठेवा. लागायला तीन-चार प्रयत्न गेले. पलीकडच्या बाईंनी "ताई, आधी पाणी प्या" म्हटलं आणि मग भराभर विचारलं: कुठली बँक, खातं कुठलं, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ, आणि यूटीआर नंबर. हा 12 आकड्यांचा व्यवहार क्रमांक एरवी एसएमएसमध्ये येतो, तो माझ्याकडे नव्हता. शाखेत फोन करून एकेक आकडा लिहून घेतला, त्यात वीस मिनिटं गेली. आणि हीच वीस मिनिटं महाग असतात, कारण पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांत तुकडे होऊन जातात आणि कुठल्या तरी एटीएममधून निघतात. 1930 ची नोंद झाली की ती त्या साखळीतल्या बँकांकडे जाते आणि जिथे पैसे सापडतील तिथे रोखले जातात. माझे पहिले तीन तुकडे निघून गेले होते. शेवटचे 38,000 एका खात्यात सापडले आणि गोठले.

संध्याकाळी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण केली, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाणं आणि बँक. फोन फॅक्टरी रीसेट करेपर्यंत सिमकार्ड डब्यातल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. त्या फोनवर मेसेज यायला लागले तेव्हा टुंग-टुंग आवाज ऐकून बरं वाटलं, जाहिरातींचेसुद्धा.

बँकेत जाताना माझी आशा रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकावर होती. ऐकून माहीत होतं की तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही. नीट वाचल्यावर कळलं की ते तीन कामाचे दिवस, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणांसाठी आहेत. पासवर्ड स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माझं सगळं कळवण्याआधीचंच. समोरच्या अधिकाऱ्याने हे वाक्य हळू आवाजात वाचून दाखवलं आणि कागद माझ्याकडे वळवला. अर्थ लावायला जागाच नव्हती.

आता एक गोष्ट, जी या प्रकारात मला सगळ्यात घातक वाटते. 'पत्ता गव्ह डॉट इन ने संपतो का बघा' हा सल्ला सगळे देतात. इथे तो अर्धाच उपयोगी आहे, कारण खऱ्या बुकिंगमध्येसुद्धा शेवटचं पान गव्ह डॉट इन चं नसतं. परिवहन विभागाच्या ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन या साइटवर जायचं, तिथे आपलं आरटीओ निवडायचं, मग ती साइट आपल्याला नेमलेल्या खासगी कंत्राटदाराच्या साइटवर सोडते. पैसे तिथे भरायचे. म्हणजे शेवटचं पान बघून खरं-खोटं ओळखणं माझ्यासारखीला अवघडच, आत कुठल्या दारातून शिरलात तेवढंच आपल्या हातात. सरकारी पत्ता स्वतः टाइप करून शिरायचं, शोधून वर आलेल्या जाहिरातीतून नाही. आणि खऱ्या बुकिंगची पावती पीडीएफ असते. तिला एसएमएस वाचायची परवानगी लागत नाही.

जूनअखेर येण्याआधीच मुदत वाढली, 15 ऑगस्टपर्यंत, आणि पुढे आणखी. ज्या तारखेच्या धाकाने मी फोडणी करपवली ती तारीखच राहिली नाही. यावर नवऱ्याने विनोद करायचा प्रयत्न केला. मी जेवायचं ताट घेऊन गॅलरीत गेले.

गोठलेले 38,000 न्यायालयाचा आदेश झाल्यावर डिसेंबरात परत आले. मधल्या काळात अर्ज, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, तारीख. उरलेल्या 1,49,500 चं काही नाही. मुलीची फी दिराकडून घेऊन भरली, ते आता महिन्याला थोडे थोडे फेडतेय.

बाबांना आठवडाभर सांगितलं नव्हतं. ते 79 वर्षांचे, अजून शाखेत जाऊन पासबुक भरून आणतात आणि मी दर वेळी त्यांना 'कशाला रांगेत उभं राहता, फोनवर दिसतं सगळं' म्हणते. शेवटी नारायण पेठेत जाऊन सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, "आणि पाटीचे 531?" मी म्हटलं, ते मात्र कापलेच नाहीत हो त्यांनी. त्यावर आम्ही दोघंही हसलो, मी जरा जास्तच वेळ.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी खरं बुकिंग केलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, डिस्पॅचच्या पोराला शेजारी बसवून. धायरीच्याच सेंटरला प्लेट बसवली. निळ्या अक्षरांतलं आयएनडी, अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, पुन्हा न निघणारं लॉक. गाडी दाखवायला बाबांकडे घेऊन गेले तर त्यांनी आतून पाकीट आणलं आणि पाचशेची एक नोट, दहाच्या तीन नोटा आणि एक रुपयाचं नाणं टेबलावर ठेवलं. गाडी माझ्या नावावर आहे, म्हणाले.