मिश्र संख्यांचा गुणाकार: अंशाधिक करून की फोड करून?

भाचीचा प्रश्न होता: २ पूर्णांक १/३ गुणिले ३ पूर्णांक ३/७ कसं सोडवू? आधी अंशाधिक अपूर्णांक (ज्यात अंश छेदापेक्षा मोठा) करू, की पूर्ण भाग आणि अपूर्णांक वेगवेगळे गुणू?

अंशाधिक केलं तर ७/३ × २४/७. सातला सात उडाले, २४ भागिले ३, उत्तर ८. एका ओळीत संपलं.

फोड केली तर चार गुणाकार: ६, ६/७, १ आणि १/७. बेरीज ८च येते, पण दमछाक होते. खरा धोका वेगळाच आहे. घाईत पूर्णाला पूर्णाने, अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणून ६ पूर्णांक १/७ लिहिणारे कमी नाहीत (मीही त्यातलाच होतो). मधले दोन गुणाकार गळतात.

एक संख्या पूर्ण असली की मात्र पारडं फिरतं. १२ गुणिले सव्वातीन: बारा त्रिक छत्तीस, बाराचा पाव तीन, झाले ३९. कागदच नको. ४८ × २५ पूर्णांक ३/८ सुद्धा १२०० अधिक १८ असं तोंडी जमतं. २०३/८ कोण करत बसेल?

दोन्ही मिश्र असतील किंवा परीक्षेत पायऱ्या दाखवायच्या असतील, तर अंशाधिक. तोंडी हिशोबाला आणि उत्तराचा अंदाज पडताळायला फोड.