जुनी चेनसॉ घेताना: लहान नावाजलेली की ५८ सीसीची चिनी?

गावच्या वाडीत पावसाळ्यात आडवी होणारी झाडं कापायची आहेत आणि खिसा बेताचा आहे, तर मुंबईत जुनी चेनसॉ शोधताना दोनच पर्याय हाती लागतात. स्टिल कंपनीच्या एमएस १८० सारखं लहान मशीन, बरंच वापरलेलं. नाहीतर ५८ सीसीचं चिनी, त्यामानानं कमी वापरलेलं.

सीसीला भुलू नका. १८० चं इंजिन ३१.८ सीसीचं, पण बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन सोडून वजन चार किलोच्या आत. ५८ सीसीवालं बरंच जड, आणि त्याचा हादराही जास्त. शनिवार-रविवारपुरती वाडी बघणाऱ्या आपल्यासारख्यांची मनगटं तासाभरात बोलायला लागतात.

सुट्या भागांत मात्र चिनी मशीन बाजी मारतं. ही बहुतेक एकाच नमुन्याची नक्कल, त्यामुळे डब्यावर नाव कुठलंही असो, कार्बुरेटर, क्लच, स्टार्टर सहसा एकमेकांचे चालतात. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात विचारा. कार्बुरेटर दुरुस्त करण्यापेक्षा नवा घातलेला परवडतो. कंपनीचा भाग महाग पडतो, पण तो अचूक बसतो.

पारख दोघांचीही सारखीच. स्विच बंद ठेवून स्टार्टरच्या दोरीला मशीन लटकवा. सरसर खाली आलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलंय. सायलेन्सर काढून पिस्टनवर टॉर्च मारा. उभे ओरखडे दिसले तर आधीच्या मालकानं पेट्रोलात मिसळायच्या तेलात काटकसर केलीय, तिथूनच परत फिरा. चेन जागीच थांबवणारा चेन ब्रेक लागतो का बघा. आणि मशीन थंड असताना चालू करायला सांगा. मी हे विसरलो होतो. दुकानात एका झटक्यात सुरू झालेलं मशीन घरी आणल्यावर वीस झटक्यांत खोकलंसुद्धा नाही. मी पोचायच्या आधीच दुकानदारानं ते तापवून ठेवलं असणार.

पुढचा खर्च इंधनावर ठरतो. स्टिलला लिटरभर पेट्रोलमागे २० मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल पुरतं, चिनी मशीनला बहुधा ४० मिली सांगतात. डोळ्यांनी मापू नका. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईचा जुलै तुम्हाला माहीतच आहे. टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच माळ्यावर ठेवा. नाहीतर कार्बुरेटरचा पडदा कडक होतो. नारळाचं खोड चेनची धार फार लवकर खातं, तेव्हा कानस सोबत हवीच: १८० च्या चेनला ४ मिमीची गोल.

स्वतः मशीन उघडायची हौस असेल तर चिनी घ्या. नसेल तर कॉम्प्रेशन शाबूत असलेली १८०, थोडे जास्त पैसे पडले तरी. मी दुसऱ्यांदा तीच घेतली.

एक मात्र, सोसायटीत कुणाला सांगू नका. ‘मशीन आहेच तर ती फांदी उडवा’ म्हणणारे लगेच येतात, आणि १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते.