व्येलिच्काच्या खाणीबाहेरचा पिवळा जॅकेटवाला

पोलंडमधल्या क्राकुव शहराहून व्येलिच्काची मिठाची खाण जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर. भारतातून आलेल्या आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन एका दिवसात जाऊन यायला याहून सोपी सहल नाही. भाड्याची गाडी, मागे लहान मूल आणि आजी-आजोबा, हातात 11 वाजताच्या इंग्रजी टूरची तिकिटं. या सहलीतले पैसे बहुतेकदा खाणीत जात नाहीत. ते खाणीच्या अलीकडे, शेवटच्या चार-पाचशे मीटरांत जातात.

तिथे घडतं ते असं. गाव सुरू होतं, नेव्हिगेशन म्हणतं अजून 600 मीटर, आणि रस्त्याच्या कडेला, कधी थेट डांबरावर, एक माणूस उभा दिसतो. अंगात पिवळं किंवा केशरी चमकणारं जॅकेट, डोक्यावर टोपी, हातात दांडी किंवा छोटा झेंडा. तुमची गाडी दिसताच तो हात पूर्ण आडवा करून डावीकडच्या किंवा उजवीकडच्या फाटकाकडे दाखवतो. मागून गाड्या येत असतात, उशीर झालेला असतो, रस्ता परका असतो. रस्ता पुढे बंद असावा, खाणीचं पार्किंग हेच असावं, असं वाटून आपण स्टिअरिंग वळवतो. फाटकावर निळ्या पाटीवर पांढरा पी आणि शेजारी 'सॉल्ट माइन', म्हणून शंकाही येत नाही. निळी पाटी कोणालाही छापून घेता येते आणि चमकणारं जॅकेट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, हे त्या घाईत सुचत नाही.

अशा माणसाला पोलिश भाषेत 'नागान्याच' म्हणतात, म्हणजे गिऱ्हाईक हाकून आणणारा. शिर्डीच्या अलीकडे मोटारसायकलवरून गाडीशेजारी येऊन 'पुढे गाडी जात नाही, इकडे लावा, पार्किंग फुकट' सांगणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रकार नवा नाही. फरक इतकाच की युरोपात आपण असं काही अपेक्षितच धरत नाही. जॅकेट दिसलं की सरकारी माणूस समजतो.

आत गेल्यावर पैशांचे तीन-चार प्रकार होतात. सगळ्यात साधा म्हणजे फलकावरचा मोठा आकडा आणि त्याखालची बारीक अक्षरं. मोठ्या अक्षरांत 10 झ्लोटी (झ्लोटी म्हणजे पोलंडचं चलन), आणि खाली 'झा काझ्दां रोस्पोचेन्तां गोजिने', म्हणजे सुरू झालेल्या प्रत्येक तासासाठी. आकडा उदाहरणाचा आहे, पण हिशेब करून बघा. खाणीतली टूर दोन ते तीन तासांची. त्याआधी रांग, नंतर वर येण्यासाठी लिफ्टची रांग, मग स्वच्छतागृह आणि दुकान. गाडी 10:40 ला लावली आणि 14:05 ला काढली तर झाले तीन तास पंचवीस मिनिटं, पैसे मात्र चार तासांचे. 'झा गोजिने' म्हणजे तासाला आणि 'झा दोबे' म्हणजे चोवीस तासांना, हे दोन शब्द डोक्यात ठेवले तरी निम्मं काम होतं. काही ठिकाणी बारीक अक्षरांत 30 मिनिटांचा दर लिहिलेला असतो. '30' आणि 'मिन' एवढं शोधा.

दुसरा प्रकार म्हणजे हातात दिलेला कागद. त्यावर वेळ नाही, दर नाही, कधी नुसता रबरी शिक्का. परत आल्यावर दर वेगळा सांगितला जातो, आणि आधी काय ठरलं होतं याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. तिसरा प्रकार अंगावर येतो. तुमच्या मागे दुसरी गाडी इतकी चिकटून उभी करतात की ती हलल्याशिवाय तुम्हाला निघता येत नाही, आणि हलवणाऱ्याशी आधी पैशांचं बोलावं लागतं. चौथा प्रकार म्हणजे तिथेच खाणीची 'रांग न लावता' तिकिटं किंवा टूर विकणं. ही तिकिटं फाटकावरच्या माणसाकडून घेऊच नका. खाणीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तारीख, वेळ आणि भाषा निवडून ती मिळतात.

आता गाठ कुठे आहे ते बघा. खासगी जागेवर पैसे घेऊन गाडी लावू देणं पोलंडमध्ये गुन्हा नाही. दर फलकावर लिहिला असेल, जागा मिळाली असेल, तर 'पैसे परत करा' म्हणायला फारशी जागा उरत नाही. फसवणूक आहे ती रस्त्यावर उभं राहून आपण अधिकृत असल्याचा भास निर्माण करण्यात आणि वाहतूक वळवण्यात. म्हणून पोलीस त्या माणसाला रस्त्यात उभं राहिल्याबद्दल दंड करू शकतात, तुमचे झ्लोटी मात्र सहसा परत येत नाहीत. जे करायचं ते गाडी वळवण्याआधी.

आदल्या रात्री नकाशावर फक्त 'सॉल्ट माइन' टाकून झोपू नका. ते नाव टाकलं की नेव्हिगेशन तुम्हाला दानिवोविच शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या, दारापर्यंत नेतं, म्हणजे बरोबर त्या जॅकेटवाल्यांच्या रांगेतून, आणि दारात गाडी लावायला जागा नसते. खाणीच्या संकेतस्थळावर पार्किंगचा वेगळा पत्ता दिलेला असतो. तिचं कारचं पार्किंग देंबोव्स्क्येगो रस्त्यावर आहे. तो पत्ता घरक्रमांकासह नकाशात टाका, फाटकाचं रस्त्यावरचं चित्र एकदा बघून घ्या, आणि शेजारी बसणाऱ्याला काम द्या: पत्त्याचा क्रमांक दिसेपर्यंत ड्रायव्हरला वळू द्यायचं नाही. चालवणाऱ्याने एकट्याने हे करायचं म्हटलं की चूक होतेच. त्या दिवसाचे दरही तिथेच बघून कागदावर लिहून ठेवा.

जॅकेटवाला समोर आला तर? वेग कमी करा, पण थांबू नका. पोलीस असेल तर त्याच्या कपड्यांवर मोठ्या अक्षरांत 'पोलित्स्या' लिहिलेलं असतं, आणि त्याचा इशारा पाळावाच लागतो. रस्त्याच्या कामावरचे अधिकृत लोकही वाहतूक थांबवू शकतात, पण त्यांच्याजवळ खोदकाम, अडथळे आणि तात्पुरत्या पाट्या असतात, एकटा माणूस आणि एक फाटक नव्हे. तो गाडीसमोरच उभा राहिला तर थांबावं लागेल. अशा वेळी काच वर, दार लॉक, आणि 'न्ये, जेंकुये' एवढं पुरे, म्हणजे 'नको, धन्यवाद'. वाद घालू नका, त्याला बाजूला व्हायला वेळ द्या. 'पुढे जागा नाही' हे त्याचं ठरलेलं वाक्य. जागा खरंच नसेल तर खऱ्या पार्किंगच्या फाटकावर 'ब्राक म्येइस्त' लिहिलेलं असतं. ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

चुकून आत शिरलातच तर इंजिन बंद करण्याआधी फलकाचा फोटो काढा, तोही बारीक अक्षरं वाचता येतील असा. आवडलं नाही तर लगेच बाहेर पडा. गाडी लावून उतरल्यानंतर तुमची बाजू कमकुवत होते. थांबायचंच ठरलं तर एकूण रक्कम आधी विचारा, फोनवर आकडा टाइप करून दाखवा, आणि 'पारागोन' मागा. पारागोन म्हणजे कॅश रजिस्टरची पावती. तिच्यावर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि दहा आकडी कर क्रमांक असतो, त्याला निप म्हणतात. पारागोन शब्द ऐकून ज्याचा चेहरा पडतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

'स्त्शेझोनी' लिहिलेलं पार्किंग म्हणजे राखण असलेलं, 'न्येस्त्शेझोनी' म्हणजे राखण नसलेलं. जॅकेटवाला दिवसभर उभा असतो म्हणून गाडी राखली जाते असं नाही. बॅगा, पासपोर्ट, लॅपटॉप डिकीतसुद्धा ठेवू नका. खाणीत मोठ्या बॅगा नेता येत नाहीत, म्हणून हा विचार क्राकुव सोडतानाच करायचा.

पैसे देतानाही एक खड्डा आहे. कार्ड मशीन विचारतं की रक्कम झ्लोटीत घ्यायची की रुपयांत किंवा युरोत. झ्लोटी निवडा, पडद्यावर पीएलएन लिहिलेलं. दुसरं निवडलं की मशीनवाल्याचा विनिमय दर लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून ठेवा, नाहीतर फाटकावर कार्ड नाकारलं जातं आणि मग 'फक्त रोख'वाल्याची चंगळ. खिशात 1, 2 आणि 5 झ्लोटीची नाणी असू द्या. 5 हे सगळ्यात मोठं नाणं.

संध्याकाळी क्राकुवला परतल्यावर दुसरा खेळ. शहराच्या सशुल्क पार्किंग क्षेत्रात पार्कोमात म्हणजे पार्किंगचं मशीन गाडीचा नंबर विचारतं. भाड्याच्या गाडीचा नंबर पाठ नसतो, म्हणून किल्लीच्या पट्ट्यावरून नव्हे तर पाटीवरून बघून टाका. शून्य आणि ओ यांची गल्लत झाली की तिकीट असूनही नसल्यासारखं. पोलंडमध्ये पार्कोमातांवर खोटे क्यूआर स्टिकर चिकटवण्याचे प्रकार झाले आहेत. कोड स्कॅन केला की पैसे भरण्याचं पान उघडतं, ते शहराचं नसतं, आणि कार्डाचा क्रमांक भलत्याच्या हाती जातो. तसाच वायपरखाली ठेवलेला दंडाचा खोटा कागद, त्यावरही क्यूआर. मशीनवर नाणी किंवा कार्ड वापरा. अ‍ॅप हवं असेल तर स्कायकॅश किंवा मोबिलेटसारखं अधिकृत अ‍ॅप घरूनच फोनच्या ॲप स्टोअरमधून उतरवा, स्टिकरवरून कधीच नाही. वायपरखालचा कागद आला तर कोड न उघडता शहराच्या संकेतस्थळावर जाऊन पडताळा.

सुपरमार्केटचं पार्किंग मात्र फसवणूक नव्हे, पण पैसे जातात तिथेही. '60 मिनिटं फुकट' या ओळीखाली बहुतेकदा अट असते: मशीनमधून शून्य झ्लोटीचं तिकीट काढून काचेवर ठेवा, किंवा गाडीचा नंबर टाका. ते विसरलात की 'ओप्वाता दोदात्कोवा', म्हणजे जादा शुल्क. ते भाड्याच्या गाडीच्या कंपनीकडे जातं आणि कंपनी त्यावर स्वतःची फी लावून आठवड्यांनी तुमच्या कार्डावरून कापते. तोवर तुम्ही पुण्याला पोचलेले असता.

खरं विचाराल तर व्येलिच्काला गाडी न्यायची गरजच नाही. क्राकुव ग्वुव्नी, म्हणजे मुख्य स्थानकावरून उपनगरी रेल्वे वीस-पंचवीस मिनिटांत 'व्येलिच्का रिनेक-कोपाल्न्या' या शेवटच्या स्थानकावर सोडते. कोपाल्न्या म्हणजे खाण. तिथून दाराशी चालत जाता येतं. हीच रेल्वे विमानतळावरूनही येते. कारने आलात आणि गावात शिरायचं नसेल तर त्याआधीचं स्थानक व्येलिच्का पार्क, तिथे कार लावून रेल्वेने एक स्थानक पुढे जाता येतं. आजी-आजोबांचा विचार पार्किंगपेक्षा पायऱ्यांसाठी जास्त करा: सुरुवातीलाच 380 पायऱ्या उतरून 64 मीटर खोलीवर जायचं असतं, आणि सगळ्या मिळून आठशेच्या वर होतात. वर येताना लिफ्ट असते, पण ती कधी रेगिस शाफ्टवरून आणते, म्हणजे उतरलो त्या दारी नव्हे. गाडी कुठे लावली आहे त्याचं स्थान फोनमध्ये साठवलेलं असेल तर दमलेल्या पायांनी गावभर शोधत फिरावं लागत नाही.

कोणी अडवून पैसे मागत असेल, मागची गाडी हलवत नसेल, तर 112 हा आपत्कालीन नंबर लावा, इंग्रजी बोलणारं कोणी मिळू शकतं. गाडीच्या नंबराचा, फलकाचा आणि फाटकाचा फोटो त्या माणसासमोरच काढा. फोन काढलेला दिसला की मागची गाडी अनेकदा आपोआप हलते. दरफलक नव्हता किंवा खोटा होता असं वाटलं तर ते फोटो आणि पारागोन जोडून तिथल्या जिल्ह्याच्या ग्राहक प्रतिनिधीकडे लिहिता येतं, पोलिशमध्ये 'झेच्निक कोन्सुमेन्तुव'. ही सेवा मोफत असते.