गोव्याच्या पावसाळ्यात घरघंटी: पीठ एक नंबर, पण दाराचा स्विच बघूनच घ्या

घरघंटी, म्हणजे घरातली छोटी पिठाची गिरणी, घेताना लोक मोटार एक एचपीची आहे का, जाळ्या किती येतात, डबा स्टीलचा की प्लास्टिकचा एवढंच विचारतात, ते सगळं दुकानदार सांगतोच त्यामुळे मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय दाराच्या स्विचबद्दल. दार नीट लागल्याशिवाय मशीन सुरू होऊ नये म्हणून आत नखाएवढा एक स्विच असतो, तो आमच्याकडे भर जुलैत बिघडला आणि अख्खं मशीन बंद. मोटार ठणठणीत, जाळ्या चांगल्या, सगळं चांगलं, आणि ह्या एवढ्याशा पार्टसाठी आम्ही परत पिशवी घेऊन गिरणीवर.

आधी का घेतली ते सांगते. सासूबाईंना शुगर आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो देशभरातल्या डायबेटिसचा सर्वे आला त्यात गोवा सगळ्यात वर होता, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४. आमच्या फोंड्यात तर आता घरटी कोणीतरी आहेच. डॉक्टरांनी गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या आणि वर म्हणाले मैदा बंद करा, पांढरा भात कमी करा, भरड धान्य वाढवा. पोदेराची (पाववाल्याची) पोय, म्हणजे गोव्याचा पोकळ गोल पाव, आम्ही कोंड्याची म्हणून घ्यायचो, पण बऱ्याच ठिकाणी कोंडा वरून भुरभुरलेला आणि आत मैदाच. म्हणून नाचणी, ज्वारी, बाजरीवर आलो. आता दोन-दोन किलोचं असं दळण गिरणीवर नेलं की ते आधीच्या कोणाच्या तरी गव्हावर पडतं, कधी पिठाला मसाल्याचा वास, आणि पावसात तर रांगेत पिशवीच ओली होते. शेवटी पंधरा हजारांच्या आसपास घालून मशीन आणलं.

पिठाबद्दल माझी काही म्हणजे काही तक्रार नाही. बाजरीचा फरक तर पहिल्याच भाकरीला कळला. बाजरीत तेल जास्त असतं आणि दळल्यावर ते लवकर खवट होतं, म्हणून पुड्यातलं पीठ कडू लागतं आणि लोकांना वाटतं बाजरीच कडू असते. आम्ही आता चार दिवसांपुरतीच दळतो. सासूबाई स्वतः म्हणाल्या, "गो, ही गोड लागते." नाचणीचं म्हणाल तर शंभर ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, आणि दाणा एवढा बारीक की सालासकटच दळला जातो, पॉलिश वगैरे भानगड नाही. त्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरं, मोड आणले तर जास्त लागतं, म्हणून आम्ही मोड आणून सुकवून मगच दळतो.

सुरुवातीला सगळ्यात बारीक जाळी लावून नाचणीचं पीठ अगदी पावडरसारखं काढायचो आणि सकाळी त्याचं तिझान (नाचणीची पातळ खीर), गूळ घालून. नाचणी म्हणजे शुगरला चांगलीच असं सगळे म्हणतात. पण सासूबाई घरी ग्लुकोमीटरवर शुगर बघतात तर तिझान घेतल्यावर आकडा वर जायचा. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले धान्य जितकं बारीक आणि जितकं शिजवून पातळ तितकी साखर रक्तात लवकर जाते, धान्याचं नाव काहीही असू दे, वर गूळ म्हणजे साखरच. तेव्हापासून त्यांच्यासाठी एका नंबरने जाड जाळी, आणि तिझानाऐवजी भाकरी, सोबत अळसांद्याची (चवळीची) उसळ किंवा तांबडी भाजी (लाल माठ). आकडा बराच खाली राहतो. तिझान आता मुलीला, बिनगुळाचं, दूध घालून. म्हणजे घरच्या मशीनचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो, की जाडी आपल्या हातात. गिरणीवाला कोणासाठी जाळी बदलत बसणार?

आता गोव्यात वापरायचं तर धान्य कोरडं पाहिजे हे लिहून ठेवा. जून ते सप्टेंबर धान्य नुसतं डब्यात ठेवलं तरी ओल धरतं. मऊ पडलेलं धान्य घातलं की जाळी चोंदते, मोटार घुं घुं करते आणि पीठ गरम होतं. आम्ही मेमध्ये पुरुमेंताबरोबरच (पावसाळ्याआधीच्या साठवणीबरोबर) नाचणी आणि ज्वारी कडक उन्हात घालून डबे भरतो, आणि पावसाळ्यात दळायच्या आधी कढईत मंद आचेवर फक्त गरम करून घेतो, भाजायचं नाही, पूर्ण गार झालं की दळायचं. नाचणीला वरची झडप अर्धीच उघडा. पीठ गरम असताना डबा बंद करू नका, आत पाणी सुटतं आणि बुरशी येते. शेंगदाणे, तीळ अजिबात नको.

तर स्विच. तक्रार नोंदवली, वॉरंटीत होतं, आठवडा गेला, मग फोन आला की टेक्निशियन बेळगावहून येणार आणि व्हिजिट चार्ज पडेल. का? तर "दमट हवेमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही." अहो, गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे तुम्हाला इथे मशीन विकताना माहीत नव्हतं? दमट हवा वगळायची तर गोव्यात विकू नका ना. जवळचा एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, स्विच बायपास करून देतो, दोन मिनिटांचं काम." मी नाही करू दिलं आणि तुम्हीही कोणी करू देऊ नका. दार उघडं असताना आतलं पातं फिरायला लागलं तर हात जाईल, घरात लहान मूल आहे. तो स्विच एवढासा असला तरी सगळ्यात महत्त्वाचा पार्ट तोच आहे आणि कंपनीने तोच सगळ्यात हलका बसवलाय ह्याचा मला खरा राग आहे.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, मग टेक्निशियन येऊन गेला म्हणून पुढे लिहिते. माणूस अतिशय चांगला. स्विच उघडून दाखवला तर आत गंज नाहीच, पिठाचा थर घट्ट बसलेला. हवा बाहेर जायला जी कापडी पिशवी असते ती चोंदली की पिठाची धूळ दाराच्या फटीतून निघते आणि थेट स्विचमध्ये जाते. पुस्तकात पिशवी महिन्यातून एकदा झटका लिहिलंय, तो म्हणाला इथे प्रत्येक दळणानंतर झटका आणि ओली असेल तर लावूच नका. नवीन स्विचला रबराची टोपी आहे, म्हणजे कंपनीला हा दोष माहीत आहे म्हणूनच बदलला ना! मग जुन्या गिऱ्हाइकांना दमट हवेचं कारण का सांगता? त्यानंतर मशीन सुरळीत चालू आहे.

पैशांचं स्पष्ट सांगते. गिरणीचे पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. किलोला दहा रुपये धरले तर पंधरा हजार वसूल व्हायला दीड हजार किलो दळावं लागेल, महिन्याला दहा किलो दळणाऱ्याला साडेबारा वर्षं. विजेचा खर्च मात्र अगदी किरकोळ, तासभर चालवली तर साधारण एक युनिट. घरात शुगरचं माणूस असेल, ताजं आणि जाडसर पीठ पाहिजे असेल तर घ्या, पण दुकानात दार उघडून स्विचला रबराची टोपी आहे का बघा आणि पार्ट गोव्यात मिळतो का ते बिलावर लिहून घ्या.

व्हिजिट चार्ज मी भरला, पण बिघाड पिठाने झाला असं टेक्निशियनकडून कागदावर लिहून घेतलंय आणि त्याचा फोटो लावून पैसे परत मागितलेत. अजून उत्तर नाही. नाही दिले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकणार आहे.