शंभर वर्षांचं म्हणून विकलेलं कपाट

‘वाड्यातलं आहे ताई, अस्सल बर्मा टीक, शंभर वर्षं तर सहज झाली असतील,’ असं सांगून पुण्यातल्या एका जुन्या फर्निचरवाल्याने आंब्याच्या लाकडाचं नवंकोरं कपाट माझ्या गळ्यात मारलं. 68,500 रुपये! 20,000 यूपीआयने, 48,500 रोख. वर टेम्पोचे 2,800, हमाली 600.

दार उघडल्याबरोबर व्हिनेगरचा भपकारा आला होता. राहून राहून तोच क्षण आठवतो आणि डोकं सणकतं. मी विचारलंही. ‘वाळवी लागू नये म्हणून पुसून घेतो,’ म्हणाला. इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर गिऱ्हाइकाने काय उलटतपासणी घ्यायची? दुकानदाराच्या शब्दावरच आपण सगळे खरेदी करतो ना?

घरी सुतारकाकांनी खण बाहेर ओढून उलटा केला. तळाचं लाकूड पांढरट, आणि डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले, चार फाट्यांचे स्क्रू. हे स्क्रू बाजारात आले 1930 च्या दशकात, मग शंभर वर्षं कुठली? किड्याच्या भोकात त्यांनी सुई घातली, ती सरळसोट आत गेली. खऱ्या किड्याचं बीळ वाकडंतिकडं जातं, हे ड्रिलने पाडलेलं. जुनं भासवायची युक्ती अशी: लाकडाला आधी चहाचं पाणी, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या स्टील वूलचं (बारीक लोखंडी तारांच्या गुंत्याचं) पाणी लावलं की ते काळपट पडतं. साखळीने ठोकून पोचे काढायचे, कडा सँडपेपरने झिजवायच्या, खाचांत काळं मेण भरायचं. आपल्या घरातल्या टेबलावर हौसेने हे खुशाल करा, छान दिसतं. पण जुनं म्हणून विकणं ही शुद्ध लबाडी आहे. झीज कुठे आहे ते बघा; माझ्या कपाटाचा जिथे हात पोचत नाही तो मागचा कोपराही झिजवला होता!

दुकानदार म्हणतो, ‘मी जुन्या लूकचं म्हणालो होतो.’ चौकीत गेले तर साहेबांनी बिल मागितलं. बिलावर काय, ‘लाकडी कपाट, 1 नग’. ‘हे दिवाणी प्रकरण आहे, तुम्हीच बघून घ्यायला हवं होतं.’ साधा अर्जही घेतला नाही. बाजाराच्या संघटनेने तर ‘आपसात मिटवा’ म्हणून बोळवण केली. फसवणारा गल्ल्यावर निवांत बसलेला आणि खेटे मात्र मी घालायचे! मोबाइल चोरीला गेला असता तर निदान नोंद तरी झाली असती.

लाकूड कोणतं, किती जुनं, हे बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर तिथूनच मागे फिरा. रोख देऊ नका. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. सुतारकाका लाकडाबद्दल लेखी द्यायला तयार आहेत.