‘एन्क्रिप्शन पॅच’चं बिल देण्याआधी पतसंस्थांनी हे वाचावं

आमची पतसंस्था तालुक्याच्या गावातली. सभासदांचे पॅन, आधार, मोबाइल नंबर ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्या कंपनीने ‘सिक्युरिटी अपग्रेड’ म्हणून आमच्याकडून पैसे घेतले आणि दोष होता तिथेच ठेवला. प्रकरण वकिलाकडे आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. पण हाच पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) इतर संस्थांनाही विकला जातोय.

दोष सिस्टीम ऑडिटरने काढला. डेटाबेसमध्ये पॅनच्या रकान्यात अगम्य अक्षरं होती, म्हणजे एन्क्रिप्शन (माहिती चावीशिवाय वाचता येऊ नये असं तिचं रूपांतर) होतं. मात्र एका पॅनवर दोन खाती असली की दोन्हीकडे तीच अक्षरं, जशीच्या तशी. एईएस हे एन्क्रिप्शनचं प्रचलित तंत्र माहितीचे १६ बाइटचे ठोकळे करून ते एन्क्रिप्ट करतं. ते वापरण्याच्या ईसीबी या साध्या पद्धतीत प्रत्येक ठोकळा सुटा, त्यामुळे सारख्या माहितीचं रूपही सारखंच. डेटाबेसची कॉपी ज्याच्या हाती पडेल त्याला चावीशिवायही, म्हणजे माहिती उलगडणाऱ्या गुप्त आकड्याशिवायही, जुळण्या दिसतात. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीच्या कोट्यवधी ग्राहकांचे पासवर्ड चोरीला गेले, ते याच पद्धतीने ठेवलेले होते. चावी मिळाली नाही तरी लोकांनी कितीतरी पासवर्ड ओळखले. ग्राहकांनी स्वतः लिहिलेल्या ‘हिंट’ शेजारीच उघड्या पडल्या होत्या. एकाच्या हिंटवरून पासवर्ड कळला की तोच वापरणारे बाकीचेही उघडे.

कंपनीचा माणूस आला. “साहेब, आता सीबीसी टाकलंय, एकदम बँक ग्रेड.” व्हर्जन नंबर वाढला, लॉगिन स्क्रीनवर हिरवं कुलूप आलं, पाठोपाठ जीएसटीसकट बिल आलं. चेअरमनसाहेबांनी चेकवर सही केली.

सीबीसी ही ईसीबीपेक्षा बरी पद्धत, हे खरं; तीत प्रत्येक ठोकळा आधीच्या ठोकळ्याच्या उत्तरात मिसळून एन्क्रिप्ट होतो. पण तिला प्रत्येक नोंदीसाठी नवा, अंदाज न येणारा आयव्ही, म्हणजे पहिल्या ठोकळ्यात मिसळायचा आकडा, लागतो. तो सगळीकडे शून्य ठेवला, तर पहिल्या ठोकळ्याचं उत्तर हुबेहूब ईसीबीचंच येतं. पॅन १० अक्षरी, आधार १२ अंकी. दोन्ही एकाच ठोकळ्यात मावतात. ऑडिटरने आपल्या पहिल्या अहवालातली अक्षरं पॅचनंतरच्या अक्षरांशी ताडून पाहिली. एकही अक्षर बदललं नव्हतं.

यावर कंपनीचं उत्तर: “पॅनवरून सर्च चालावा म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय.” अर्धं खरं आहे हे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही शोधासाठी सारख्या माहितीला सारखीच अक्षरं देणारा पर्याय असतो, पण त्यातला धोका ते स्वतःच लिहून देतात. आमच्या कोटेशनमध्ये त्याचा एक शब्द नव्हता.

शेजारच्या तालुक्यातली एक संस्था हेच सॉफ्टवेअर वापरते. त्यांच्या मॅनेजरना फोन केला आणि दोघांनीही चाचणी खात्यात एकच बनावट पॅन टाकला. दोन संस्था, दोन सर्व्हर, अक्षरं तंतोतंत तीच! म्हणजे चावी सगळ्यांना एकच. आणि ‘प्रत्येक संस्थेसाठी स्वतंत्र की’ यासाठी कोटेशनमध्ये वेगळी ओळ होती, वेगळी रक्कम होती. पॅच कच्चा निघणं एक वेळ समजू शकतं. न दिलेल्या चावीचे पैसे लावणं ही सरळ लुबाडणूक आहे.

तपासणी अवघड नाही. दोन चाचणी खाती उघडा, दोन्हींत एकच पॅन टाका आणि रकाना थेट डेटाबेसमधून बघा. कंपनीचा माणूस समोर असताना, बिल देण्याआधी. जुन्या नोंदी नव्या चावीने पुन्हा एन्क्रिप्ट केल्या का, तेही विचारा. कपाटातल्या हार्डडिस्कवरचा गेल्या वर्षीचा बॅकअप जुन्याच चावीने उघडतो. काम बाहेर दिलं म्हणून संस्था सुटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी संस्थेवरच ठेवली आहे आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आमच्या नोटिशीला उत्तर आलंय: करारात ‘एन्क्रिप्शन’ म्हटलं होतं, ते दिलं आहे. स्वतंत्र कीबद्दल त्यात अवाक्षर नाही. एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) उरलेली रक्कम आम्ही रोखली आहे आणि नव्या वर्क ऑर्डरमध्ये दोन खात्यांची ही चाचणी अट म्हणून घातली आहे.